पुंगी, वायर आणि बाळंतपण

माझ्या ई-सिगारेटची बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला दीड तास लागायचा, आणि माझा निश्चय साधारण चाळीस मिनिटं टिकायचा. उरलेल्या पन्नास मिनिटांचं काय करायचं, हा मागच्या उन्हाळ्यात माझ्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. वय वर्षं बहात्तर. या वयात बायका गुडघे बदलतात, मृत्युपत्र करतात, क्रूझची माहितीपत्रकं चाळतात. मी लंडनमध्ये, ईलिंगमधल्या आमच्या घरात ओट्यापाशी उभी राहून एका इवल्याशा लाल दिव्याकडे बघत असायचे. तो हिरवा झाला की चार्जिंग संपलं. तोवर ओढायची सोय नाही, कारण वायर लावली की ती नळी मुळी बंदच पडायची.

आमच्या ह्यांनी तिचं नाव पुंगी ठेवलं होतं. "झोपली का गं तुझी पुंगी?" असं ते पेपराआडून विचारायचे, आणि मला तो पेपर पेटवून द्यावासा वाटायचा. लायटर होताच घरात. लायटरशेजारी, साबुदाण्याच्या डब्यात, अर्धं भरलेलं जुनं पाकीटही होतं. आमच्याकडे त्या डब्यात दुसरं कोणी हात घालत नाही. उपास घरात मी एकटीच करते, म्हणजे करते असं सांगते.

प्रश्न एवढा मोठा व्हायचं कारण माझी लेक. ती कार्डिफला असते, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिला दुसरं मूल होणार होतं. पहिल्या वेळी लॉकडाऊन लागला. मी दोन महिने आधीपासून डिंक, खारीक, हळीव जमवून बसले होते, आणि मला नात दिसली ती खिडकीच्या काचेतून. नियम जरा सैल झाल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो, त्यांच्या पुढच्या बागेत उभे राहिलो. जावयाने आतून बाळ वर धरलं. मी काचेवर हात ठेवला. मग लाडवांचा डबा पायरीवर ठेवून परत आलो. तो डबा त्यांनी आधी जंतुनाशकाने पुसला आणि मग आत घेतला, हे मी आमच्या गाडीतून पाहिलं.

यावेळी सव्वा महिना जाऊन राहायचं, तेल-शेक सगळं स्वतःच्या हाताने करायचं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. लेकीने अट घातली.

"आई, आय ॲम नॉट जोकिंग. बाळाच्या आसपास सिगारेट नको. कपड्यांना वास पण नको. मिडवाइफने क्लिअर सांगितलंय."

"मी बाहेर जाऊन ओढीन गं."

"आणि मग आत येशीलच ना? केस बाहेर ठेवून येणार आहेस?"

"एवढं काही नसतं."

"तू डॉक्टर आहेस, आई. ड्यू डेटच्या आधी चार आठवडे एकही नाही. व्हेप, ती ई-सिगारेट, चालेल, ती पण बागेत. नाहीतर सॉरी, मी आईंना बोलावते."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. नागपूरला असतात. त्यांचा व्हिसा तयार होता, बॅग भरलेली होती, आणि त्या इतक्या निर्व्यसनी की चहासुद्धा घेत नाहीत. मी त्यांच्याविरुद्ध काही बोलत नाही. बोलण्यासारखं त्यांच्यात काही नाहीच, हीच तर अडचण.

मला हे व्यसन लागलं ते कार्डिफमध्येच, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हाचा एक फोटो आहे. सत्तावीस वर्षांची नवी भूलतज्ज्ञ, अंगात नवऱ्याचा ओव्हरकोट, अर्धा चेहरा झाकणारा चष्मा, जांभळी लिपस्टिक, आणि चेहऱ्यावर असा भाव की या देशाच्या आरोग्याचं आता बाईच काय ते बघून घेतील. हॉस्पिटलच्या बॉयलर रूममागे पत्र्याचं छप्पर होतं. तिथे थिएटरच्या सिस्टर सिगारेट ओढत उभ्या असायच्या. कुठला सर्जन आज तिरसटलाय, कोणाची ड्यूटी बदलून मिळेल, हे सगळं त्या छपराखाली ठरायचं. न ओढणाऱ्याला तिथे उभं राहायला काही कारण नव्हतं. म्हणून बाईंनी ठरवलं, आपण हे करतोय ते व्यवसायासाठी. पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की एका सिस्टरने पाठीत थापट्या मारल्या आणि दम्याचा पंप आणून दिला. मी पंप घेतला, तिचे आभार मानले, आणि दुसरा झुरका मारला. इतकी हुशार बाई त्या हॉस्पिटलात दुसरी नव्हती.

घरी पत्रात लिहिलं, इथली हवा दमट आहे, खोकला जात नाही. सासूबाईंनी दोन वर्षं पार्सलं पाठवली. सितोपलादी चूर्ण, ज्येष्ठमधाच्या काड्या, वरून जाड कापड शिवलेलं. ज्येष्ठमध सिगारेटनंतर चघळायला फार छान लागायचा.

ह्यांना कळू नये, घरात वास राहू नये म्हणून मी संध्याकाळी उदबत्ती लावायचे. एक पुरायची नाही, म्हणून तीन. त्यावरून कार्डिफच्या मराठी मंडळींत असा समज पसरला की डॉक्टरीणबाई भलत्याच देवभक्त आहेत. एका वर्षी गणपतीत अथर्वशीर्षाच्या आवर्तनांचं पुढारपण मला मिळालं. मला अथर्वशीर्ष निम्मंच येत होतं. उरलेलं निम्मं बाईंनी बॉयलर रूममागे, एका हातात सिगारेट आणि एका हातात कागद धरून, आठ दिवसांत पाठ केलं. सिस्टरना वाटलं मी प्रेमपत्र वाचतेय.

आणि हीच बाई पेशंटच्या कॉटशी उभी राहून दटावायची, "ऑपरेशनच्या आधी सिगारेट बंद म्हणजे बंद. मनावर घेतलं तर काही अवघड नसतं." त्या सगळ्या पेशंटची मी इथे मनापासून माफी मागते.

तर पुंगी. जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सने सुचवली, मी घेतली, आणि ती झोपेपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग एकदा कंप्युटरवर शोधताना मला एक शब्द सापडला, 'यूएसबी पासथ्रू'. म्हणजे वायर लावलेली असतानाही ओढता येणारी पुंगी. मी खुर्चीतून उठलेच. पुढे बरंच काही लिहिलं होतं, ते वाचलं नाही. पस्तीस वर्षं भुलीची यंत्रं चालवलेल्या बाईने पुंगीची माहिती काय वाचायची! तिथल्या तिथे मागवून टाकली.

पार्सल उघडलं तर पेनाएवढी नळी, आणि तिच्या शेपटीला कायमची चिकटलेली हातभर वायर. वायर यूएसबीत घातली, ओढली, चालली. वायर काढली, ओढली, काही नाही. पुन्हा घातली, चालली. आत बॅटरी नव्हतीच. भिंतीतून वीज येईल तेवढा वेळच तिचा जीव. कुठल्यातरी दुकानाचा जुना माल माझ्या गळ्यात पडला होता.

आमच्या बसायच्या खोलीत हाताला येईल असा यूएसबीचा प्लग एकच, आणि तो देवापाशी. कोनाड्यात देव आहेत. तिथे एलईडीची समई लावलेली असते, कारण खरी समई लावली की स्मोक अलार्म बोंबलतो. बाकीचे प्लग सोफ्यामागे नाहीतर जमिनीलगत, आणि माझे गुडघे तिथवर जात नाहीत. देवासमोर निदान माझं बुटकं स्टूल तरी होतं. तेव्हा समईची वायर काढायची, पुंगीची घालायची, आणि कोनाड्यात मान घालून बसायचं, असा माझा दिनक्रम सुरू झाला. हातभर वायर म्हणजे मान हलवायचीही सोय नाही.

हे आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी म्हणाले, "अगं, देव अंधारात बसलेत."

"पाच मिनिटं."

"सकाळपासून पाच-पाच मिनिटं करत तुझी तीन आवर्तनं झाली. देवांना खोकला व्हायचा."

तेवढ्यात दार वाजलं. एजवेअरची माझी जुनी मैत्रीण, न कळवता. कार्डिफपासूनची ओळख. ह्यांनी दार उघडलं आणि ती थेट आत आली. मी वायर ओढून पुंगी ओढणीखाली घातली, पण स्टुलावरून उठणं तेवढ्या घाईत जमणार नव्हतं. तिने पाहिलं ते इतकंच: मी देवासमोर मान घालून बसले आहे आणि डोक्याभोवती थोडा धूर आहे.

"बाई गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अजून तश्शीच आहेस तू!"

"बस ना," मी म्हटलं.

ती बसली, माझ्याच शेजारी, खाली. "तुझं होऊ दे. मी पण म्हणते तुझ्याबरोबर." आणि तिने रामरक्षा सुरू केली. अख्खी. मागे हे सोफ्यावर बसून पेपर तोंडावर धरून हलत होते. रामरक्षेनंतर मारुतीस्तोत्र झालं. मग जेवण, मग चहा, मग तिच्या सुनेच्या तक्रारी. साडेतीन तासांत मला त्या प्लगजवळ जाता आलं नाही. ती गेली, मी तिला फाटकापर्यंत पोचवलं, हसून हात हलवला, आणि तिची गाडी वळली तशी थेट साबुदाण्याच्या डब्याशी गेले. बाहेर कचऱ्याच्या बिनांमागे उभी राहून एक ओढली. पूर्ण. शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती रोज एकच विचारायची. "किती दिवस झाले?"

"दहा," मी म्हणाले.

मागून ह्यांचा आवाज आला, "एक."

पडद्यावर लेकीचं चित्र थिजलं. मला वाटलं इंटरनेट गेलं.

"मग आजपासून पुन्हा एक," ती म्हणाली. "ड्यू डेटला एकोणतीस दिवस आहेत, आई. जेमतेम बसतात. आता एक जरी ओढलीस तर मी त्याच दिवशी आईंचं तिकीट काढते."

"एकच होती गं."

"मला त्या एकीचं नाही वाटत एवढं. तू मला सरळ दहा म्हणालीस. चेहरा पण नाही बदलला तुझा. लहानपणापासून तू असंच करतेस, मला सगळं माहीत असायचं. बाळ तुझ्या हातात देताना मला विचार करायला लागू नये, बास. एवढंच."

कॉल संपल्यावर मी ह्यांच्यावर घसरले. "तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर आत भांडी लावत होतात."

"मी नाक-कान-घशाचा सर्जन होतो."

"मग आधी? मी स्वतः कबूल करेपर्यंत चाळीस वर्षं काही बोलला नाहीत ते?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू रोज तीन-तीन उदबत्त्या लावायचीस. एवढी मेहनत घेतेयस, कशाला मोडता घाला म्हटलं."

मला रडू आलं की हसू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं मी ज्या माणसाला फसवत होते तो माणूस चाळीस वर्षं माझ्याच उदबत्त्या आणून देत होता. दर महिन्याला, न सांगता, मोगऱ्याच्या.

"चपला घाल," ते म्हणाले. "दुकानात जाऊन नीट बघून घेऊ. पेशंटशिवाय उपकरण निवडायचं नसतं."

हाय स्ट्रीटवर नेल बार आणि ड्राय क्लीनर यांच्यामध्ये पुंग्यांचं ते दुकान आहे. मी कितीदा त्यावरून नाक मुरडून गेलेय. आत काउंटरमागे पन्नाशीची बाई होती, एका बाजूचे केस भादरलेले, गळ्यात साखळीला अडकवलेला वाचायचा चष्मा. मी पर्समधून माझी वायरवाली पुंगी काढून ठेवली. तिने ती चिमटीत धरून उजेडात बघितली.

"ही अजून मिळते? माय लव्ह, ही म्युझियमला दे."

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. तल्लफ कधी येते, सकाळी की जेवल्यावर? आधीची बॅटरी किती वेळ पुरायची? जास्त वेळ घरात की बाहेर? प्लग कुठे आहे, आणि तिथे तू कशी बसतेस? मी तिच्याकडे बघतच राहिले. ही तर चक्क ऑपरेशनआधीची तपासणी करत होती, आणि मी करायचे त्याहून नीट. मी शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. देवाचं ऐकून तिला हसू आवरेना, पण तिने ते खोकल्यात दडवलं.

"तुला पासथ्रूच हवंय, पण बॅटरीवालं," ती म्हणाली. "म्हणजे आत बॅटरी आहे, आणि चार्ज होत असताना पण ती ओढू देते. सगळ्या देत नाहीत. खोक्यावर लिहिलेलं असतंच असं नाही, म्हणून विचारून घ्यायचं."

तिने तीन मांडल्या. पहिली चंदेरी, सडपातळ, मला बघताक्षणी आवडलेली. "हिला वायर खालून लागते," दुकानवाली म्हणाली. "म्हणजे चार्जिंगला उभी राहत नाही, आडवी ठेवायला लागते, आणि आडवी ठेवली की गळते." दुसरी मोठी, भरपूर धूर काढणारी. ती ह्यांनी हातात घेऊन पाहिली, तशी दुकानवाली म्हणाली, "ही चार्ज होताना ओढत बसलीस तर तापते. काउंटरवर ठेवून ठीक आहे, गादीवर, उशीवर नको." तिसरी ठेंगणी, जाडजूड, बाजूने वायर लागणारी, जांभळी, आणि वर चमकी.

"दुसरा रंग?"

"संपले. ही कोणी घेत नाही."

"का नाही घेत?" हे म्हणाले. "तुझ्या लिपस्टिकचा रंग आहे."

तिने प्लग लावला, दिवा लागला, मी ओढून पाहिली. चालली. मी पैसे द्यायला पर्स उघडली, आणि माझा हात थांबला.

भुलीच्या यंत्राची रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी तपासणी करतात. त्यात एक पायरी अशी असते की यंत्र चालू असताना भिंतीतला प्लग उपटायचा. सगळं जसंच्या तसं चालू राहिलं पाहिजे. वीज गेली म्हणून पेशंटचा श्वास जायला नको. हे मी पस्तीस वर्षं केलं. माझ्या हाताखालच्या एकाने ते एकदा गाळलं तेव्हा मी त्याला अख्ख्या थिएटरसमोर फाडून खाल्लं होतं. आणि स्वतःसाठी पुंगी मागवताना या थोर बाईंना त्यातलं अक्षर आठवलं नव्हतं.

"प्लग काढा," मी म्हणाले.

तिने काढला. मी ओढली. चालली.

"लावा." चालली. "काढा." चालली. "आता मी ओढत असतानाच काढा."

मध्येच उपटला, तरी झुरका तुटला नाही. आमच्यामागे रंगाने माखलेल्या पँटी घातलेले दोन रंगारी उभे होते. त्यातला एक पुढे वाकून म्हणाला, "मला जी देशील ना, ती पण अशीच काढून-लावून दाखव."

दुकानवालीने जाताना बजावलं, फोनचा फास्ट चार्जर लावायचा नाही, पुस्तिकेत लिहिलाय तेवढ्याच ताकदीचा साधा ठोकळा लावायचा. ह्यांनी विचारलं, "आणि गाडीत?" आमच्या गाडीला यूएसबी नाही, इतकी ती जुनी आहे. सिगारेटच्या लायटरचं भोक मात्र आहे. तिने त्यात बसणारा एक जोड दिला. इतक्या वर्षांत त्या लायटरने माझी एकही सिगारेट पेटवली नव्हती, कारण गाडीत मी सभ्य बाई असायचे.

घरी आल्यावर समई परत लागली. साबुदाण्यातलं पाकीट ह्यांनी पाण्यात भिजवून बिनमध्ये टाकलं, आणि साबुदाणाही टाकला, कारण त्याची खिचडी केली असती तर तिनेच तल्लफ आली असती. सोफ्यामागच्या प्लगमधून मला दोन मीटरची वायर मिळाली, माझी खुर्ची मिळाली, मान सरळ झाली. पहिला आठवडा वाईट गेला. मी ह्यांच्यावर ओरडले, वॉशिंग मशीनवर ओरडले, हवामानाच्या बातम्या देणाऱ्या बाईवरही. पण पुंगी झोपत नव्हती, आणि मी बिनांमागे गेले नाही. रोज संध्याकाळी लेक विचारायची, मी आकडा सांगायचे, आणि ती माझ्या खांद्यावरून ह्यांच्याकडे बघायची. हे मान डोलवायचे. मगच ती पुढचं बोलायची. ते मला टोचायचं, पण ते टोचणं माझंच कमावलेलं होतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी सातला फोन आला.

"आई, वॉटर्स ब्रेक झाले. आम्ही हॉस्पिटलला निघालो."

"अगं पण आज चोविसावाच आहे," मी म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

"आई! मी लेबरमध्ये आहे आणि तू दिवस मोजतेस?" मग एक लांब श्वास. "एकही नाही ना?"

"एकही नाही."

"शपथ?"

"तुझी आत्ता नाही घेणार. ह्यांची घेते."

स्वयंपाकघरातून हे म्हणाले, "घे, घे. आता राहिलंय काय माझं."

"मग या," लेक म्हणाली.

लाडू तयार होते. आठला आम्ही मोटरवेला लागलो. जुलैचा उकाडा, गाडीचा एसी दोन वर्षांपूर्वी गेलेला, खिडक्या उघड्या. स्विंडनच्या अलीकडे सगळं ठप्प झालं. पुढे कुठेतरी लॉरी आडवी झाली होती. तास गेला, दीड तास गेला. लोक गाड्या बंद करून रस्त्यावर उतरले. जावयाचा शेवटचा मेसेज होता, 'चाललंय, तिला त्रास होतोय.' मी पुंगी इतकी ओढली होती की तिचा दिवा लाल लुकलुकायला लागला. ह्यांनी लायटरच्या भोकात तो जोड बसवला, वायर माझ्या हातात दिली. पुंगी चालू राहिली.

शेजारच्या गाडीतली बाई उतरली. स्वान्झीला निघालेली, आडव्या अंगाची, घामाघूम. आमच्या खिडकीवर कोपर टेकून ती गप्पा मारायला लागली. हातात पेटलेली सिगारेट. खरी. मी तिला सांगितलं कुठे निघालोय ते.

"अरे देवा," ती म्हणाली, आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. "घे एक, लव्ह. तुझा चेहरा बघवत नाही मला."

पाकीट माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. माझा हात उचलला गेला. खोटं कशाला सांगू, उचलला गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते समोरच्या लॉरीच्या पाठीकडे बघत राहिले. दुसऱ्या हातात जांभळी पुंगी होती. मी ती तोंडाला लावली आणि एवढा मोठा झुरका घेतला की कान बधिर झाले.

"नको," मी म्हणाले. "मला आत घेणार नाहीत."

तेवढ्यात फोनवर जावयाचा मेसेज आला. मुलगा. दोघंही ठीक. मी ते मोठ्याने वाचलं, आणि त्या बाईने "ओऽऽ" असा आवाज काढून, खिडकीतून अर्धी आत येऊन, सिगारेटसकट मला मिठी मारली. घट्ट. माझे केस, माझा सुती कुर्ता, ओढणी, सगळं तिच्या धुरात बुडालं. ती पण रडत होती, मी पण रडत होते, आणि मला कळत होतं की हे काय होतंय.

कार्डिफला पोचेपर्यंत दुपार झाली. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी ह्यांना म्हटलं, "हुंगा."

त्यांनी माझ्या खांद्याशी नाक आणलं. "येतोय."

"खूप?"

"नाक-कान-घसा म्हणून सांगतो. खूप."

बॅगेत अत्तर होतं, पुदिन्याच्या गोळ्या होत्या, टाल्कम पावडर होती. ओव्हरकोटवाल्या बाईने त्यांचं काय केलं असतं ते मला पाठ होतं. मला कपडे बदलायचे होते, पण माझी बॅग डिकीत सगळ्यात खाली, लाडवांच्या डब्यांखाली, आणि खरं सांगायचं तर माझ्यात धीर नव्हता. मी तशीच वर गेले.

जावई मोठीला शाळेतून आणायला गेला होता. लेक पलंगावर बसली होती, विस्कटलेली, पांढरीफटक, फार सुंदर. शेजारी काचेच्या पाळण्यात ते होतं. मी दारातच थांबले. आमच्या सासूबाई सोवळ्यात असल्या की आम्ही सुना अशाच उंबऱ्याबाहेर उभ्या राहायचो, आणि मी मनातल्या मनात त्यांची यथेच्छ टिंगल करायचे.

"तिथे काय उभी आहेस?" लेक म्हणाली. "ये ना."

"माझ्या अंगाला सिगारेटचा वास आहे."

तिचा चेहरा थांबला.

"मी ओढली नाही. रस्त्यात गाड्या अडकल्या होत्या, एका बाईने मला मिठी मारली, तिच्या हातात होती. तुला खरं वाटलं नाही तर वाटू देऊ नकोस. पण या कपड्यांनी मी बाळाला हात लावणार नाही, आणि तू हुंगून विचारायच्या आधी तुला सांगायचं होतं."

"खरं आहे," मागून हे म्हणाले. "मी साक्षी—"

"बाबा, तुम्ही नका सांगू." तिने माझ्यावरची नजर हलवली नाही. या वेळी ती माझ्या खांद्यावरून मागे बघत नव्हती. "मिठी का मारली?"

"तुला मुलगा झाला म्हणून."

ती हसायला लागली. मग पोट धरलं. "हसवू नकोस, टाके आहेत." हसता हसता तिने डोळे पुसले. "माझ्या बॅगेत गाऊन आहे, निळा. बाथरूममध्ये जा. हे सगळं काढ आणि पिशवीत बांधून ठेव. केस टॉवेलमध्ये गुंडाळ. आणि हात धू, आई. नीट."

हात धुवायला मला कोणी शिकवायला नको. बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत, थिएटरमध्ये धुवायचे तसे, घड्याळाकडे बघून. निळा गाऊन मला लांब होत होता. डोक्याला टॉवेल, हात कोपरातून वर धरलेले, अशी मी बाहेर आले तेव्हा ह्यांनी खुर्ची पुढे केली.

लेकीने पाळण्यातून त्याला उचललं आणि माझ्याकडे दिलं. मध्ये काही न थांबता, काही न बघता. सात पौंडांचा, लालबुंद, कपाळाला आठी. त्याने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि मोठी जांभई दिली.

"लाडू आणलेस?"

"दोन डबे."

"मग संध्याकाळी मी आईंना फोन करते," लेक उशीला टेकून डोळे मिटत म्हणाली. "सांगते, आत्ता घाई नको, ख्रिसमसला या म्हणून."

विहीणबाईंवर मात केल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली, आणि नातवाची बोटं मोजायला सुरुवात केली.